मदत हवी आहे: डफाचं एसएफझेड वाद्य थेट एलएमएमएसमध्ये कसं वाजवायचं?

तापीकाठ:
राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. गावच्या वही (खानदेशी लोकगायन) मंडळाचा डफ आणि ओळखीच्या एकाचा संबळ रेकॉर्ड करून त्यांची सॅम्पल-वाद्यं (रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांतून कॉम्प्युटरवर वाजणारी वाद्यं) बनवतोय, अहिराणी गाण्यांसाठी. नेटवर फुकट मिळणाऱ्या भारतीय वाद्यांत तबला-ढोलक पोत्याने आहेत. आपल्याकडचा डफ मला तरी कुठे सापडला नाही, म्हणून हा उद्योग.

रेकॉर्डिंग मुद्दाम लोडशेडिंगच्या वेळात केलं. लाईट गेली की पिठाची गिरणी बंद, पंखे बंद, वायरीतली घरघरही बंद. रेकॉर्डर बॅटरीवरचा. डफ मधूनमधून जाळावर शेकावा लागला, कारण चामडं थंड पडलं की आवाज उतरतो आणि सुरुवातीची थाप शेवटच्या थापेशी जुळत नाही. मधली थाप आणि काठावरचा ठोका, दोन्ही हळू ते जोरात अशा चार पायऱ्यांत घेतले. प्रत्येक पायरीला पाच-सहा वेगवेगळे ठोके आहेत.

हे सगळं एसएफझेड या सॅम्पल-वाद्यांच्या फाईल-प्रकारात बांधलं. साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते: कीबोर्डच्या कुठल्या पट्टीला कुठली वेव्ह (आवाजाची) फाईल, किती जोराला कुठली. लोवेल-हायवेलने जोराच्या पायऱ्या पाडल्या आणि सेक_लेंग्थ, सेक_पोझिशनने ठोके आळीपाळीने लावले.

अडचण अशी की मी एलएमएमएस १.२.२ हे गाणी रचायचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. त्यात एसएफ२ (साउंडफाँट हा दुसरा सॅम्पल-प्रकार) प्लेयर आहे, गिग प्लेयर आहे, ग्रॅव्हिस या जुन्या साउंड कार्डच्या पॅचेससाठी पॅटमॅनसुद्धा आहे, पण एसएफझेड नाही! पॉलिफोन या साउंडफाँट संपादकात एसएफ२ करून पाहिलं. आवाज येतो, पण एसएफ२ मध्ये आळीपाळीची सोयच नाही, त्यामुळे तोच ठोका पुन्हा पुन्हा पडतो आणि डफ शिवणयंत्रासारखा चालतो. कानबाईच्या सणाआधी दोन गाणी चढवायची आहेत. काय करू?

भरीतपुरी:
भाऊ, तुना डफ ऐकाले पाहिजे एकदा!

गाण्यापुरता मार्ग आहे. कार्ला हे प्लगिन चालवणारं सॉफ्टवेअर टाका, मग एलएमएमएसमध्ये कार्ला रॅक हे वाद्य मिळतं. कार्लाला एसएफझेड फाईल थेट देता येते, पण त्याचा आतला वादक अगदी साधा आहे, सगळे ऑपकोड (एसएफझेडमधल्या लोवेलसारख्या सूचना) त्याला कळत नाहीत. त्यापेक्षा एसफिझ या एसएफझेड-वादकाचं एलव्ही२ प्रकारचं प्लगिन रॅकमध्ये घ्या आणि त्याच्या खिडकीतून फाईल उघडा.

अजून एक. मिडीवर चालणाऱ्या वाद्यांसाठी एलएमएमएस १०० टक्के आवाजाच्या नोटेला १२७ नाही, ६३ व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, कमाल १२७) पाठवतं. म्हणजे तुमच्या वरच्या दोन पायऱ्या वाजणारच नाहीत आणि तुम्ही रेकॉर्डिंगला दोष देत बसाल. वाद्याच्या मिडी टॅबमध्ये 'कस्टम बेस व्हेलॉसिटी' चालू करून १२७ करा.

तापीकाठ:
चाललं! १२७ केल्यावर जोराची थाप पहिल्यांदा ऐकू आली. लई उपकार.

पण अर्धंच काम झालं. गाण्याची फाईल धुळ्याच्या मित्राला पाठवली. त्याच्याकडे विंडोज आणि नुसतं एलएमएमएस, तर त्याच्याकडे डफाचा ट्रॅक मुका. प्रत्येकाला कार्ला टाका, एसफिझ टाका, अमुक फोल्डरात ठेवा, हे कोण सांगत बसणार? ज्यांच्यासाठी करतोय ते लग्नात बँड वाजवणारे लोक आहेत.

माझा भाचा जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, सी++ बरं येतं. एलएमएमएसमध्येच एसएफझेड वाद्य घालायचं तर सुरुवात कुठून? त्याचं म्हणणं, फाईल वाचायचा कोड आपणच लिहू, मजकूर तर आहे.

शून्य_एक:
भाच्याला सांगा, तो मोह आवर. फाईल वाचणं हे दोन दिवसांचं काम. खरा व्याप पुढे आहे: एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते), फिल्टर, एक ठोका दुसऱ्याला दाबतो ते ऑफ_बाय, नोट सोडल्यावरचे आवाज, मोठ्या फाईली डिस्कवरून थोड्या थोड्या ओढणं. एसएफझेडचे ऑपकोड शेकड्याने आहेत. तुमचा डफ वाजेल, पण कोणी पियानो टाकला की कोलमडेल, आणि तुमचा कोड तपासणारे पहिला पियानोच टाकतात.

एसफिझ ही स्वतंत्र लायब्ररी म्हणूनही वापरता येते. परवाना बीएसडी २-कलमी, म्हणजे एलएमएमएसच्या जीपीएल परवान्याशी भांडण नाही. एक अट: तिला सी++१७ लागतं, म्हणून १.२ च्या जुन्या शाखेवर नाही, मास्टरवरच (कोडच्या मुख्य चालू शाखेवर) काम करा.

नमुना म्हणून एसएफ२ प्लेयरचा कोड उघडा. तोही फ्लुइडसिंथ या बाहेरच्या लायब्ररीवरच उभा आहे, सांगाडा तोच लागेल. वर्णनाच्या भागात तो कुठल्या एक्स्टेन्शनच्या फाईली घेतो ते लिहिलेलं आहे. तिथे आपलं एक्स्टेन्शन दिलं की डाव्या बाजूच्या फाईल ब्राउझरमधून एसएफझेड ओढून टाकता येईल.

भाचा नक्की अडकेल अशा जागा सांगून ठेवतो. एलएमएमएसचा बफर (आवाजाचे आकडे ठेवायची जागा) डावा-उजवा-डावा-उजवा असा एकाआड एक असतो. एसफिझला डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा द्यावा लागतो. मधे दोन तात्पुरते बफर ठेवून ओतून घ्यायचं, आणि ते बफर वाद्य तयार होतानाच राखून ठेवायचे. प्ले फंक्शनमध्ये मेमरी मागायची नाही, नाहीतर आवाज फाटतो. दुसरं, नोटा वेगवेगळ्या थ्रेडवरून एकाच वेळी येऊ शकतात. एसएफ२ प्लेयर त्या आधी रांगेत लावतो आणि मग क्रमाने सोडतो, ते जसंच्या तसं घ्या. तिथे नोट बफरच्या मध्यात पडली तर तिथपर्यंतचा तुकडा आधी वाजवून घेण्याची कसरत दिसेल. ती तुम्हाला करावी लागणार नाही. एसफिझला नोट देतानाच किती फ्रेमनंतर (आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांनंतर) वाजवायची हे सांगता येतं. डफाला हे फार महत्त्वाचं, ठोका किंचित जरी सरकला तरी ठेका लंगडतो.

आणि वाजत असताना नवी फाईल उघडायची नाही. एसफिझच्या कागदपत्रात कुठलं फंक्शन कधी चालेल ते प्रत्येकाशी लिहिलेलं आहे, ते भाच्याने खरंच वाचावं. फाईल बदलताना लॉक घ्या, म्हणजे तेवढा वेळ वाजवणारा भाग थांबेल.

कोरडवाहू:
एवढा खटाटोप कशाला? डिसेंट सॅम्पलर हे सॅम्पल वाजवणारं प्लगिन फुकट आहे, त्याची फाईल एक्सएमएल, आळीपाळी त्यातही आहे. दिसायलाही छान. एसएफझेडचं काय, म्युझस्कोअर या स्वरलेखन सॉफ्टवेअरच्या ३ मध्ये होतं, ४ मध्ये काढून टाकलं.

शून्य_एक:
फुकट आहे, मुक्त नाही. सोर्सच मिळत नसेल तर एलएमएमएसच्या आत घालणार कसं? मित्राला पुन्हा वेगळं प्लगिन टाकावंच लागेल, म्हणजे फिरून तिथेच आलो. म्युझस्कोअरचं खरं आहे, पण त्यात एसएफझेड वाजवणारा भाग त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांनाच सांभाळावा लागायचा. म्हणूनच तर स्वतः लिहू नका म्हणतोय.

भरीतपुरी:
कानबाईपर्यंत प्लगिन होणार नाही हे गृहीत धरा. कोड झाला तरी तपासणी, बदल, पुन्हा तपासणी, यात महिने जातात. या दोन गाण्यांसाठी डफाचा ट्रॅक कार्लातून वेव्ह करून घ्या आणि मित्राला ती वेव्ह द्या. शिवाय एक साधं एसएफ२ सोबत ठेवा, निदान चाल बसवायला.

फाईलींची नावंही तपासा. रोमन लिपीत नावं दिली असतील तर अक्षरं लहान की मोठी, याने विंडोजला फरक पडत नाही. लिनक्सला पडतो. एसएफझेडमध्ये उलट्या तिरक्या रेघा असतील तर सरळ करून टाका.

तापीकाठ:
वेव्हचं उत्तम, मित्राला तेच पाठवतो. भाच्याने एसएफ२ प्लेयर वाचायला घेतलाय, रांगेचा भाग कळला म्हणतो. आता एकच: सॅम्पल सगळ्यांसाठी खुले करायचेत. परवाना कुठला लावू?

शून्य_एक:
कधी एलएमएमएससोबत द्यायचे असतील तर सीसी० (सगळे हक्क सोडून देणारा परवाना), कटकट नाही. मंडळाचं नाव राहायला हवं असेल तर सीसी-बाय, पण मग गाण्यात वापरणाऱ्या प्रत्येकाला नाव द्यावं लागेल आणि निम्मे देणार नाहीत. मात्र हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. डफ मंडळाचा, हात वाजवणाऱ्याचा. त्यांना बसवून सांगा की यातून कोणीही, अगदी पैसे घेऊनसुद्धा, गाणं करू शकेल, आणि होकार कागदावर घ्या.

तापीकाठ:
शनिवारी मंडळ बसतं, तेव्हा विषय काढतो. संबळवाला वेगळ्या गावचा आहे, त्याच्याकडे जावं लागेल. भाच्याचं पहिलं बिल्ड झालं की एरर इथेच टाकतो, धागा बंद करू नका.