सोलापूरसारख्या 'कमी धोक्याच्या' जिल्ह्यात घरोघरी आपत्तीची तयारी हवी का?

सीनाकाठ (मोहोळ) :

सोलापूर जिल्ह्यात आपत्ती म्हटली की दुष्काळच डोळ्यांसमोर येतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पुराची किंवा भूकंपाची तयारी कशाला करायची, ती कोकणाने आणि कोल्हापूर-सांगलीने करावी, असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. हे मत मला धोक्याचे वाटते. माळावरचे घर आणि ओढ्याच्या तोंडाशी असलेली वस्ती एकाच तालुक्यात असली, तरी दोघांच्या वाट्याला येणारे संकट सारखे नसते; म्हणून धोका घरागणिक मोजला पाहिजे.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांतली गावे पाण्याने वेढली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला आणि एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) तुकड्या बोलवाव्या लागल्या. सीना अहिल्यानगरकडून येते आणि धाराशिव जिल्ह्यातले पाणीही तिला मिळते. वरच्या अंगाला पाऊस कोसळत असताना आपल्या गावात ऊन पडलेले असू शकते, आणि म्हणूनच काठावरचा माणूस बेसावध राहतो.

धरणातून विसर्ग वाढणार असल्याचा निरोप आला की काठावर पहिली धावपळ होते ती नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढण्याची. घरातले कर्ते पुरुष नदीवर केबल आणि पाइप सोडवण्यात गुंततात, आणि नेमक्या त्याच दोन-तीन तासांत घरी म्हातारी माणसे, लेकरे आणि दावणीला बांधलेली जनावरे उरतात. पाणी गोठ्यात शिरले तर दावे कोण सोडणार, आजीला कोण उचलणार, कोणत्या उंच जागी जायचे, हे त्या वेळी ठरवता येत नाही. ते मे महिन्यातच ठरलेले असावे. सातबारा, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक हे सगळे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. पंचनाम्याच्या वेळी यातला प्रत्येक कागद मागितला जातो आणि भिजलेला कागद पुन्हा मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो.

माणदेशी (सांगोला) :

दादा, आपली कळकळ समजते, पण या मांडणीला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्या पिढ्यांनी जी आपत्ती भोगली ती पाण्याच्या अभावाची आहे. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले; ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले तेव्हाही सोलापूरचे तालुके त्यात होते. ज्या घरात कडबा आणि पिण्याचे पाणी पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, त्या घराला आता पुराची पिशवी बांध, भूकंपाचा सराव कर असे सांगणे म्हणजे आहे त्या ओझ्यात भर घालणे आहे.

दुसरा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. उजनी धरणात सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. सप्टेंबरात धरणात किती जागा मोकळी ठेवायची आणि वीर धरणातून भीमेला मिळणाऱ्या नीरेत पाणी सुटत असताना उजनीतून भीमेत किती सोडायचे, हे निर्णय जलसंपदा खात्याचे असतात. नदीकाठी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखणे हेही शासनाचे काम आहे. या रेषा किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लागलेल्या दिसतात? घरोघरी तयारीवर भर दिला की पाणी घरात शिरल्यावर दोष घराच्याच माथी मारला जातो आणि निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मुभा देणारे नामानिराळे राहतात.

बार्शीचा बांधकामवाला :

दोघेही फक्त पाण्याबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहितो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि माणसे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती, तरी साडेसात हजारांहून अधिक लोक गेले, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छत, अंगावर आले. 2002 मध्ये देशाचा नकाशा बदलला आणि सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच काढून टाकण्यात आला. 'कमी धोका' या शब्दावर आपण किती विसंबायचे, याचे उत्तर आपल्या जवळच्या लातूर जिल्ह्यानेच दिलेले आहे.

माझ्या मते कागदांच्या पिशवीआधी घराचे छप्पर पाहावे. आपल्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवतात. बार्शी, माढा, करमाळा, कुठेही जा, पत्र्याच्या कडेने ओळीने मांडलेले पाच-दहा किलोचे दगड दिसतील. वळवाच्या वाऱ्याने पत्रा उचलला गेला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो. पत्रे अँगलला हुक बोल्टने आवळून बसवावेत, बोल्टखाली वायसर घालावेत आणि दगड उतरवून टाकावेत. हे काम गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करतो. जुन्या माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढवत राहण्याची पद्धतही थांबली पाहिजे, कारण गळती थांबवण्याच्या नादात छताचे वजन वाढत जाते. माणदेशी सर, या कामासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

शेळगीकर (सोलापूर शहर) :

मला या सगळ्यात भीतीच जास्त वाटते. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल भरलेले असतात. आमची तयारी परिस्थितीनेच करून घेतली आहे; तीस वर्षांतून एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी लोकांची झोप उडवू नये, एवढेच म्हणणे आहे.

शिक्षिका (अक्कलकोट) :

शेळगीकर काका, तीस वर्षांतून एकदा हे मोठ्या भूकंपाबद्दल कदाचित खरे असेल. वीज मात्र दर उन्हाळ्यात आणि परतीच्या पावसात पडते, आणि ती एकेकट्या माणसाला गाठते, म्हणून तिची मोठी बातमी होत नाही. शेळ्या घेऊन रानात गेलेला मुलगा पाऊस आला की चिंचेखाली किंवा कडुलिंबाखाली उभा राहतो, कारण त्याला घरी तेच शिकवलेले असते. मी वर्गात दरवर्षी हे मोडून काढण्याचा प्रयत्न करते. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. उघड्या रानात सापडलो तर झाडापासून आणि तारांच्या कुंपणापासून दूर जाऊन, दोन्ही पाय जोडून उकिडवे बसायचे. जमिनीवर आडवे पडायचे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते आणि ते घरातल्या एका फोनवर असले तरी पुरते. मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते, ती मिळालीच पाहिजे, परंतु त्या आईला मुलगा हवा असतो.

21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. त्या वेळी नदीला पूर नव्हता. जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही, हा नियम घराने पाळायचा की शासनाने पाळून घ्यायचा, यावर आपण कितीही वाद घालू शकतो. माझे उत्तर असे की दोघांनीही, आणि एकाने दुसऱ्यासाठी थांबू नये.

माणदेशी (सांगोला) :

ताई, विजेबाबत आणि बांधकामवाल्यांनी सांगितलेल्या दगडांबाबत माझा वाद नाही. ही कामे घरानेच करायची आहेत. पुराच्या बाबतीत मात्र मी जागचा हललेलो नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत अतिवृष्टीत कोसळून सहा जण गेले. त्या माणसांच्या घरी कागदांची पिशवी बांधलेली असती तर ती कशी उपयोगी पडली असती? भिंतीची, पुलाची, बंधाऱ्याची तपासणी हे सार्वजनिक काम आहे आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर त्याची जबाबदारी आहे.

सीनाकाठ (मोहोळ) :

सर, भिंतीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु नदीकाठची वस्ती हलवण्याचा निर्णय होईपर्यंत तिथे माणसे झोपणारच आहेत. पूररेषेची मागणी आपण करतच राहू, पण त्या काळात दावे कोणी सोडायचे याचे उत्तर घरालाच द्यावे लागते. त्यातही ज्यांची मुले पुण्याला कामाला गेली आहेत अशा एकट्या म्हाताऱ्यांचे काय, हा प्रश्न कोणत्याच पिशवीने सुटत नाही. वाडीवर अशी घरे किती आणि त्यांना उचलायला कोण जाणार, याची यादी पोलीस पाटलांकडे आणि आशाताईंकडे असली पाहिजे, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक त्या घरांच्या दारामागे ठळक लिहिलेला असला पाहिजे.

माणदेशी (सांगोला) :

मग हे दोन्ही विषय 1 मेच्या ग्रामसभेत एकत्र मांडा. एकट्या म्हाताऱ्यांची यादी गावाने करावी आणि निळ्या-लाल रेषांचा नकाशा व विसर्गाचा निरोप किती तास आधी मिळणार याचे लेखी उत्तर खात्याकडून मागणारा ठराव त्याच दिवशी इतिवृत्तात नोंदवला जावा. यादी झाली आणि ठराव बारगळला, तर मी पुढच्या सभेत पुन्हा हाच विरोध नोंदवीन. आमच्याकडे माण नदीकाठच्या दोन वस्त्यांसाठी मी स्वतः हा ठराव मांडणार आहे. मसुदा तयार झाला की इथे ठेवतो, त्यात मोटारी काढायला लागणारा वेळ धरून किती तासांची पूर्वसूचना मागावी, ते काठावरच्या लोकांनी सांगावे.