मदत हवी आहे : भावाची दारू घरीच बंद करणं सुरक्षित आहे का? ठाणे-नवी मुंबईत उपचार कुठे?

नमस्कार. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. दादा कोपरखैरण्याला राहतो, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहे. मी कळव्याला असते.

पिणं जुनंच आहे. आधी कामावरून आल्यावर अंगदुखीसाठी म्हणून घ्यायचा, आणि दिवसभर पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माणसाला त्यावरून कुणी बोललंही नाही. आता पहाटे कामाला निघायच्या आधीच लागते. नाही घेतली तर हात इतके थरथरतात की चहाचा कप धरवत नाही, दरदरून घाम येतो, मळमळतं. घेतली की थोड्या वेळात सगळं शांत. तो आता मजेसाठी पीत नाही, त्रास होऊ नये म्हणून पितो, हे मला तरी दिसतंय. घरात मात्र अजूनही "मनावर घेत नाही" एवढंच बोललं जातं.

मागच्या श्रावणात त्याने खरंच मनावर घेतलं आणि एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी रात्री फिट आली. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवलं. पितो का, किती पितो, हे कुणी विचारलंही नाही. काही दिवसांत परत सुरू.

आता म्हणतोय, "माळ घालतो, सुटेल आपोआप." आईचाही तोच आग्रह. माळेवर माझी श्रद्धा आहे, गावाकडे माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ज्याला फिट येऊन गेली त्याने घरीच बंद करणं बरोबर आहे का?

वहिनीने लोकलमधल्या स्टिकरवरचा नंबर लावून पावडर मागवली आहे. "पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळा" म्हणे. मी तूर्त थांबवलंय तिला. शिवाय एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राने फोनवर सांगितलं, "पत्ता द्या, गाडी पाठवतो, आमची पोरं उचलून आणतील. तीन महिने भेट नाही, फोन नाही." ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण वहिनी इतकी दमली आहे की ती हो म्हणाली असती. असं नेता येतं का कायद्याने? आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयात दारूचे उपचार होतात का? नुसतं नाव काढलं तरी आई रडायला लागते.

प्रतिसाद :

ताई, मी स्वतः यातून बाहेर पडलोय, म्हणून सविस्तर लिहितो. घरी बंद करू देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी कायम जास्त उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू अचानक काढली की ती उत्तेजना आवरायला काही उरत नाही. थरथर आणि घाम काही तासांतच सुरू होतात, फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. एकदा फिट आलेल्याला पुन्हा येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे दादांना भरती करूनच सोडवा. तोवर बाटली लपवणं, पैसे तोडणं नको.

भरती करताना मागच्या वेळची फिट आणि शेवटची दारू कधी घेतली, हे दोन्ही सगळ्यात आधी सांगा. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं, ती उत्तेजना शांत करणारं औषध देऊन ते दिवसागणिक कमी करत आणतात. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व इंजेक्शनने देतात, ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी. आठवणीने विचारा.

ती पावडर फेकून द्या. डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते. ती घेतलेल्याने दारू प्यायली की छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी देतात. नकळत देणं जिवावर बेतू शकतं, आणि त्या पुडीत तर काय आहे हेही माहीत नाही.

उचलून नेण्याबद्दल : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितीही येते. रुग्णाच्या इच्छेविना भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ. जिवाला धोका, दुसऱ्यांना इजा किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं काही दिसावं लागतं, आणि तीही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. फोन, भेटीगाठी हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्राची नोंदणी विचारा, तिथे मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत तेही. उत्तर टाळलं तर पुढे बोलूच नका.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं सरकारी आहे, तिथल्या ओपीडीत दाखवता येईल. पण फिटचा इतिहास असल्याने मी म्हणेन, पहिले दिवस फिजिशियन आणि मानसोपचार दोन्ही विभाग एकत्र असलेल्या रुग्णालयात काढा. मुंबईत केईएम, सायन, नायरमध्ये ते आहेत. आधी बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. दोन्ही फोन मोफत.

माळ जरूर घालू दे त्यांना, भरती होऊन आल्यावर. शरीरातून दारू निघणं काही दिवसांचं काम, न पिता जगायला शिकणं पुढचं आणि लांबचं. तिथे माळेचा आधार होईलच, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट) च्या सभांचाही होतो, आणि डॉक्टर नाल्ट्रेक्सोनसारखी ओढ कमी करणारी औषधंही देतात. वहिनींना अल-अनॉनबद्दल सांगा, ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे. दादा तयार होईपर्यंत त्यांनी थांबायची गरज नाही.

धागाकर्ती :

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "भरती होऊन आल्यावर माळ" हे तिला पटलं, आणि तिच्या तोंडून आलं म्हणून दादाही सोमवारी सायनला यायला तयार झालाय. बरोबर मी आणि वहिनी आहोत.

आता एकच विचारायचं राहिलं. भाचा सातवीत आहे. त्याने ती फिट पाहिली आहे, तेव्हापासून बाबा झोपले की उठून त्यांचा श्वास बघतो. बाबा कुठे आणि कशासाठी चाललेत, हे त्याला सांगावं का, आणि कुणी सांगावं? ज्यांच्या घरात मुलं होती, त्यांनी कृपया लिहा.