आम्ही 'मुलं' अजून किती वर्षं? (थॅलेसेमिया पालक संघटना आणि मोठे झालेले पेशंट)

बी_पॉझिटिव्ह
वय २९, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार. दर वीस दिवसांनी दोन पिशव्या रक्त चढतं. नोकरी करतो, घराचा हप्ता भरतो, पण आमच्या शहरातल्या पालक संघटनेत मी अजून 'मूल'च. डे-केअरला बेड लहान मुलांचे, पाय बाहेर लोंबतात आणि समोरच्या भिंतीवर ससा गाजर खातोय. यंदा ८ मेला, जागतिक थॅलेसेमिया दिनाला, मला भेट म्हणून रंगपेटी मिळाली. बारा रंगांची.

हसून सोडून दिलं असतं. पण कार्यकारिणीत अकरा जण, अकराही पालक. रक्त मिळावं, सारख्या रक्तामुळे अंगात साचणारं लोह उतरवायच्या गोळ्या मिळाव्यात, बोनमॅरोला (अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला) पैसे उभे राहावेत म्हणून या लोकांनी चपला झिजवल्यात, त्याबद्दल त्यांचे पाय धरीन. पण आता आमच्यातल्या कुणाला मधुमेह झालाय, कुणाची हाडं ठिसूळ झालीत. हृदयात लोह किती साचलंय ते बघायला टी-टू-स्टार एमआरआय लागतो, तो कुठे आणि केवढ्याला होतो हे संघटनेत कुणाला सांगता येत नाही. लग्नाचा विषय तर काढायचाच नाही. मीटिंगमध्ये बोललो की ताई (अध्यक्षा, गेली २२ वर्षं त्याच) डोळ्यांना पदर लावतात, "बाळा, तू आहेस हेच खूप आहे रे." यावर माणूस काय बोलणार?

मायेवर संघटना उभी राहिली, आता त्या मायेतच अडकलीय. निम्म्या खुर्च्या पेशंटना द्या, एवढंच म्हणणं.

सुईदोरा
रंगपेटी मी आणली होती. चुकलंच. बाकीचं मात्र ऐकून घे.

तुमच्या लहानपणी डेस्फेरालचा, म्हणजे लोह उतरवायच्या औषधाचा, पंप होता. आठवड्यातून पाच-सहा रात्री पोटात सुई खुपसायची, आठ-दहा तास पंप चालू ठेवायचा. पोर कुशीवर वळलं की सुई निसटायची, म्हणून आम्ही बसून झोपायला शिकलो. मनात 'बाळ' बसतं ते असं. ताईंचा मुलगा चौदाव्या वर्षी गेला. तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी त्या शिबिराच्या टेबलावर बसून रक्तदात्यांना बिस्किटं वाटत होत्या. त्यांचं स्वतःचं आता कुणीच पेशंट नाही, तरी येतात. आणि खुर्ची म्हणतोस ती प्लास्टिकची आहे बाबा, मांडव उठला की तीच डोक्यावर घेऊन टेंपोत टाकावी लागते.

कलम_चौतीस
धागाकर्त्याशी सहमत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत. पेढे वाटून झाले. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचं कलम ३४ मात्र कुणी नीट वाचलं का? त्यात रक्ताचे आजार नाहीत. प्रमाणपत्र हातात, राखीव जागा नाही. २०१७ पासून कोल इंडियाच्या पैशातून बोनमॅरोला १० लाखांपर्यंत मदत मिळते, छान योजना आहे, पण नाव बघा: थॅलेसेमिया बाल सेवा योजना. आई-बाप मागायला गेले की लेकरासाठीच मागणार, त्यात त्यांचा दोष नाही. नोकरीचं ज्याचं त्याने मागायला हवं.

उनाड_पेशंट
मीही मेजर, पण धागाकर्त्याच्या विरुद्ध मत. आमच्या गावी युवा विभाग काढून झालाय. व्हॉट्सॲपवर चाळीस जण, गुड मॉर्निंग जोरात. शिबिराला आले तिघे, त्यात मी एक.

बी_पॉझिटिव्ह
@उनाड, हिमोग्लोबिन साडेसातवर आलं की दोन जिने चढताना काय होतं ते तुला मी सांगायला नको. खुर्च्या उचलणं हाच हजेरीचा पुरावा असेल तर आम्ही कायम नापास. आणि पेशंटना जमत नाही म्हणावं, तर हिमोफिलियाची देशपातळीवरची संघटना १९८३ साली काढणारे अशोक बहादूर वर्मा स्वतः हिमोफिलियाचे पेशंट होते.

आजचा_दिवस
दारू सोडून १६ वर्षं झाली. आमच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये पदं फिरती असतात. मीटिंग चालवणारा बदलतो, चहा करणाराही बदलतो. संस्थापक बिल डब्ल्यू. यांनीसुद्धा १९५५ साली कारभार प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवला. तेव्हा २२ वर्षं एकच अध्यक्ष हे काही मला पटत नाही. पण आमच्याकडे बायको-आईवडील त्या खोलीत नसतात, त्यांची अल-अनॉन वेगळी. माझ्या आईसमोर मी खरं बोललोच नसतो. तुम्हीही चूल वेगळी मांडा.

सुईदोरा
चूल वेगळी मांडाल, पण रक्त कुठून आणाल? सरकारी नियमाने आमच्या पेशंटना रक्त मोफत आहे. तरी मे महिन्यात रक्तपेढीवाले "बदली दाता आणा" म्हणतातच. तेव्हा उपयोगी पडते ती ताईंची वही. ६०० च्या वर दाते, प्रत्येकापुढे ताईंच्या अक्षरात काहीबाही: "रागावतो पण येतो", "रात्रपाळी, दुपारी फोन नको", "आई वारली, दिवाळीनंतर विचारणे".

कलम_चौतीस
काकू, ती वही उद्या हरवली तर? एक्सेलमध्ये घाला आधी.

सुईदोरा
घालायचीच आहे. ताईंना मोतीबिंदू झालाय, वही आता मला वाचून दाखवावी लागते.

बी_पॉझिटिव्ह, निम्म्या खुर्च्या मला पटलेल्या नाहीत, दोन जागांसाठी मी बोलीन. रविवारी लॅपटॉप घेऊन ताईंकडे ये. त्या रडतील, तू लिहीत राहा.

बी_पॉझिटिव्ह
रविवारी रक्त चढवायचंय. सोमवारी रजा टाकतो. आणि दोन नाही, चार.