मदत हवी आहे : मानसोपचाराच्या गोळ्या आणि हर्बल चहा एकत्र चालतो का?

घाईत_आहे
आईच्या मानसोपचाराच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. तीन आठवड्यांपासून ती सकाळ-संध्याकाळ हर्बल चहा घेते. मावशी म्हणते बंद कर, बहीण म्हणते झाडपाल्याने काय होतंय. डॉक्टर बाहेरगावी, सोमवारी येणार. हो की नाही एवढंच सांगा. गूगल करून झालंय.

औषधपेटी
गोळ्यांचं नाव? किती मिग्रॅ, दिवसातून किती? चहाच्या खोक्यामागे घटकांची यादी असेल ती जशीच्या तशी टाका. 'हर्बल चहा' हे काही एका पदार्थाचं नाव नाही.

काढेश्वर
उगाच घाबरवू नका. तुळस, आलं, गवती चहा पिढ्यान् पिढ्या पितायत लोक. उलट ब्राह्मी-शंखपुष्पी सुरू करा, गोळ्यांची गरज हळूहळू कमी होते.

निमूटवाचक
@काढेश्वर, शंखपुष्पीचंच नाव घेतलंत म्हणून. शंखपुष्पीयुक्त औषधामुळे फिटवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरते, यावर 1992 मध्ये शोधनिबंध आलेला आहे. पातळी उतरली की फिट परत येते. कपभर तुळशीच्या चहाला कुणी नाही म्हणत नाहीये, पण 'गोळ्या कमी होतात' हे असं धाग्यावर लिहू नका.

काढेश्वर
ते औषध होतं, मी चहाबद्दल बोलतोय.

निमूटवाचक
शंखपुष्पी तुम्हीच काढलीत!

पिवळं_फूल
खरा धोका सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा. परदेशातून येणाऱ्या 'मूड टी'मध्ये असतं. नैराश्यावरच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिनबरोबर घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोम: घाम, थरथर, ताप, जुलाब, बेचैनी. शिवाय यकृतातली एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा असर कमी होतो. बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. खोक्यावर 'हायपेरिकम' (त्याचंच शास्त्रीय नाव) लिहिलंय का बघा.

चहाबाज
ग्रीन टी असेल तर उकळतं पाणी ओतू नका, कडू होतो. 80 अंश, दोन मिनिटं, बस.

घाईत_आहे
हायपेरिकम नाही, ग्रीन टीही नाही. गोळी लिथियम 300, सकाळी एक, रात्री दोन. खोक्यावर : सोनामुखी, गोखरू, पुनर्नवा, ज्येष्ठमध, आलं. वजन कमी करायचा चहा आहे. आता हो की नाही?

औषधपेटी
नाही. आजच बंद. ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही परत रक्तात खेचलं जातं. सोनामुखीने जुलाब होतात. गोखरू-पुनर्नवा लघवी वाढवण्यासाठीच दिलेले असतात. रक्तातली लिथियमची पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. अंतर किती थोडं आहे बघा. ज्येष्ठमध आणि सोनामुखी दोन्ही पोटॅशियम उतरवतात, हृदयाच्या ठोक्यांना ते वेगळंच ओझं.

आता तीन प्रश्न. बीपीची गोळी आहे का? जेवणातलं मीठ कमी केलंय का? नेहमीचा चहा बंद केलाय का?

घाईत_आहे
बीपीची आहे, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र. ती जुनीच आहे, म्हणून लिहिली नाही. मीठ बहिणीने बंद करवलंय, डाएट. नेहमीचा चहा चार कप होता, त्याच्याऐवजी हा. पण चहाचा काय संबंध?

निमूटवाचक
कॅफीन लिथियमला लघवीवाटे बाहेर काढतं. चार कप एकदम थांबले की पातळी वर सरकते. बीपीच्या त्या गोळीतले दोन्ही घटक लिथियम वाढवतात. आजवर डोस त्या हिशेबाने बसलेला असणार. आता मीठ गेलं, चहा गेला, वर जुलाब.

औषधपेटी
हाताला कंप? उलटी? चालताना तोल?

घाईत_आहे
दोन दिवस हात थरथरतो, कप धरता येत नाही. बोलणं जरा जड वाटतं. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

औषधपेटी
सोमवारची वाट बघू नका. आत्ता कॅज्युअल्टी असलेल्या रुग्णालयात न्या. रात्रीच्या दोन गोळ्या तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मीठ-पाणी पाजून घरी 'बरोबर' करू नका.

तिथे सांगा : लिथियम पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम, ईसीजी. एरवी पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी बघतात, पण अशा वेळी थांबत नाहीत. सकाळची गोळी कितीला घेतली ते मात्र सांगा. रक्त लिथियम हेपरिनच्या नळीत घेऊ नका म्हणावं, बहुधा हिरव्या झाकणाची असते. त्या नळीतलंच लिथियम मिसळून आकडा खोटा चढतो. अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, त्यांनीही पातळी वाढते. चहाचं खोकं आणि सगळ्या स्ट्रिप्स बरोबर घ्या.

पिवळं_फूल
खोक्यावर हायपेरिकम नक्की नाही ना?

घाईत_आहे
नाही हो. रिक्षा आली. सकाळी नऊला घेतलीय गोळी. खोकं घेतलंय.

काढेश्वर
सोनामुखी काढून नुसता गोखरू चालेल का पुढे?

निमूटवाचक
नाही.