ऑपरेशननंतर प्रायव्हेट रूम घ्यावी का?

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात, तिला जरा आवाज झाला की झोप लागत नाही म्हणून सिंगल रूम सांगितलीये पण हॉस्पिटलवाले म्हणतात त्या दिवशी रिकामी असेल तरच मिळेल. काय करू?

उत्तर १: आधीच लेखी नोंद करून ठेवा आणि अ‍ॅडमिट होताना परत विचारा. इन्फेक्शनचा पेशंट आला तर वेगळी खोली आधी त्यालाच देतात, ते बरोबरच आहे. इन्शुरन्स असेल तर रूमच्या भाड्याची लिमिट आत्ताच बघा, काही पॉलिसीत महागडी रूम घेतली की बाकीच्या बिलातूनही पैसे कापतात.

उत्तर २: मी नर्स आहे. पहिली रात्र नर्सिंग स्टेशनजवळचा बेड मिळाला तर तोच घ्या, खरंच सांगते. भुलीचा आणि पेनकिलरचा अंमल असतो, पेशंट एकटाच बाथरूमला उठतो आणि पडतो, बंद दाराआड लवकर कळतही नाही. रूम मिळालीच तर बेल हाताशी ठेवा आणि रात्री कुणीतरी सोबत थांबा.

प्रश्नकर्ती: पडण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पहिली रात्र वॉर्डमध्येच ठेवते, कानात घालायला इअरप्लग देते तिला.