चावडीवरचा फलक आणि नवा स्तंभ

वर्धनगड (मूळ लेखन)

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावात, १९९९ च्या कारगिल युद्धात वीरमरण आलेल्या गावच्या जवानाचे स्मारक नव्याने बांधण्याचा ठराव ग्रामसभेने केला आहे. त्याबद्दल कोणाचेच दुमत नाही. प्रश्न निराळा आहे. आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजी अक्षरांचा एक संगमरवरी फलक आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यावर आहे. नाव एकाचेही नाही. सरकारने असे फलक अनेक गावांत बसवले होते. आपल्या जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांतील चार नावे सांगा म्हटले तर बहुतेकांची पंचाईत होईल.

माझे म्हणणे असे, की नव्या स्तंभावर त्या जुन्या शिपायांचीही नावे पलटण, ठिकाण आणि तारखेसह कोरावीत. इराकमधील बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि भारतीय शिपायांची पलटणीगणिक केवळ संख्या दिली गेली. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) २०२१ मध्ये माफी मागितली. परक्यांनी नाव गाळले हे समजू शकते, गावानेही ते गाळावे हे मला पटत नाही.

येरळाकाठ

आपला हेतू चांगला आहे, तरीही माझा या प्रस्तावाला स्पष्ट विरोध आहे. ते शिपाई साम्राज्याच्या युद्धात, साम्राज्याच्या पगारावर लढले. याच जिल्ह्यात ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या मोर्चावर त्याच सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने ते राज्य खिळखिळे केले. ज्या राज्याविरुद्ध आपल्या माणसांनी रक्त सांडले, त्या राज्यासाठी मेलेल्यांना प्रजासत्ताकाच्या जवानाच्या ओळीत बसवणे म्हणजे इतिहासाची सरमिसळ आहे. दिल्लीतही ती केलेली नाही. इंडिया गेटवर त्या काळातल्या सैनिकांची नावे आहेत, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची.

निवृत्त सुभेदार, माण

येरळाकाठ यांनी दिल्लीचा दाखला अर्धाच दिला. १९७१ च्या युद्धानंतर अमर जवान ज्योती पेटवली, ती २६ जानेवारी १९७२ रोजी त्याच इंडिया गेटच्या कमानीखाली, आणि समर स्मारक होईपर्यंत तिन्ही सेनादलांचे प्रमुख तिथेच पुष्पचक्र वाहत होते; ती ज्योत समर स्मारकातील ज्योतीत विलीन झाली ती जानेवारी २०२२ मध्ये. तेव्हा कोणाला सरमिसळ वाटली नाही.

पगाराचे म्हणाल, तर पगार आम्हीही घेतला. माण-खटावच्या कोरडवाहू रानावर चार भावांचे पोट भरत नाही, म्हणून थोरला पलटणीत जातो, हे तेव्हाही होते आणि आजही आहे. १९१८ मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते; मग दुष्काळी मुलखातल्या विशीतल्या पोराने साम्राज्यवादाचा विचार करून नाव नोंदवायला हवे होते, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात त्या डिसेंबर १९१५ पासून अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर कैदेतही असंख्य शिपाई मेले. रेजिमेंट आजही तो वारसा आपला मानते. मग गावाने तो का नाकारावा?

कृष्णामाई

माझा विरोध राजकीय नाही. माझा धाकटा भाऊ सेवेत असताना सीमेवर गेला आणि आमच्या गावात, वाळवा तालुक्यात, त्याचे छोटे स्मारक आहे. आई आहे तोवर ती जागा तिची आहे. दर वर्षी कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, भाषणे होतात (आमच्याकडे ती अंमळ जास्तच होतात), आणि मग ती एकटी तिथे थांबून त्याच्या नावावरून हात फिरवते. त्या एका नावाभोवती शंभर वर्षांपूर्वीची आणखी वीस नावे आली, तर त्यांचा सन्मान होईलही, पण तिचा मुलगा एका यादीत जाईल. कारगिलच्या त्या जवानाच्या घरी हा प्रस्ताव कोणी विचारला आहे का? ठराव ग्रामसभेचा असला, तरी पहिला शब्द त्यांचा असायला हवा.

वर्धनगड

घरच्यांना अद्याप विचारलेले नाही. ते ग्रामसभेआधी करू. त्यांनी नको म्हटले, तर त्यांच्या मुलाचा स्तंभ स्वतंत्रच राहील आणि जुनी नावे चावडीवर, त्या इंग्रजी फलकाच्या खाली, मराठीत लागतील. सुभेदारसाहेबांचा मुद्दा मला मान्य आहे, पण स्तंभ एकच असावा हा हट्ट नाही. नाव लागावे, हा आहे. आपल्या भागात देवळाबाहेर वीरगळ असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा आणि चंद्र-सूर्य, सगळे कोरलेले असते. बहुतेकांवर लेख मात्र नसतो, म्हणून शेंदूर लावणाऱ्यालाही तो वीर कोण हे ठाऊक नसते.

राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा शिपायाच्या वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आडनावे ओळखू येत नाहीत इतकी वाकडी झाली आहेत, पण गावातल्या वृद्धांना बसवून ती सरळ करता येतील.

येरळाकाठ

चावडीवर, जुन्या फलकाखाली, कोणत्या सरकारसाठी आणि कोठे लढले हे स्पष्ट लिहून नावे लावणार असाल, तर माझी हरकत नाही. प्रजासत्ताकाच्या स्तंभावर मात्र ती नकोत, हे मत कायम आहे, आणि ग्रामसभेत ते मांडा, असे माझ्या मामांच्या गावातील मंडळींना सांगून ठेवतो. तुमचे गाव तेच आहे.