अरोवाना पेलेट खातच नाय, काय करू?

सांगलीत राहतो. सिल्व्हर अरोवाना (टाकीत पाळायचा मोठा मासा) आणलाय, जिवंत मासा सोडला की झडप घालतो पण पेलेट (माशांच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) तोंडात घेऊन लगेच थुंकतो. उपाशी ठेवू का?

उत्तर १: भावा आधी जिवंत मासे बंद कर, गोल्डफिशमध्ये थायमिनेज (बी-१ व्हिटॅमिन मोडणारं एन्झाइम) असतं, सारखं तेच दिलं तर बी-१ कमी पडतं, वर रोग येतात ते वेगळंच. कोळंबी सोलून तुकडा चिमट्यात धर, पाण्यावर हलव, घ्यायला लागला की त्यातच पेलेट खुपसून दे आणि हळूहळू कोळंबी कमी करत जा.

उत्तर २: तरंगणारंच पेलेट घे, हा वरचं खाणारा मासा. मोठा असेल तर दोन-तीन दिवस उपाशी चालतो, पिल्लाला अजिबात नको. किती इंची आहे?

उत्तर ३: माझी मरळपण अशीच कोळंबीवरून पेलेटवर वळली दादा, धीर धर. उरलेलं लगेच काढ, पाणी खराब होतं.